थोडा गॅस आत

"काकू, गॅस गळतोय," म्हणाला,
तर मी शेगडी कुठंय ते बघायला लागले.
त्यानं दप्तरातून पिस्तूल काढलं
आणि दुरुस्तीला आलेल्या झाकणांमध्ये ठेवलं.
नळीच्या टोकाला नारिंगी टोपी,
थंडीत लहान पोराला घालतात तशी.

"खेळातलं आहे. खोटं आहे," घाईघाईनं.
गळतंय ना, मग ते तरी खरं. आण इकडे.

जिन्सी नाला नंबर दोन, लष्कर, ग्वाल्हेर.
पाटीवर अजून ह्यांचं नाव, टकले कुकर रिपेअरिंग,
आत मी, एकोणीस वर्षं.
या गल्लीत म्हणे कधीकाळी तोफांचं सामान ठेवायचे.
आता शिट्ट्या बसतात, दांडे बसतात, रिंगा बदलतात.

मॅगझीन बादलीत बुडवलं.
झडपेपाशी एक बुडबुडा. थांबून, आणखी एक.
आतली रिंग वाळलेली, नखाने दाबली तर चिरली.
कुकरची असो की याची,
रबर रिकामं पडून मरतं.

नीरज भदौरिया, अकरावी, मोठ्या कानांचा,
स्टुलावर बसून शिकला. मीही त्याच्याकडून शिकले
आणि मग त्यालाच उलटं शिकवायला लागले:
सिलिकॉनचं तेल, दोनच थेंब.
शिवणयंत्राचं नको, रबर फुगतं.
खोबरेल तर... हसू नकोस, तुझ्याच दोस्तानं घातलं होतं.
भरताना मॅगझीन उलटं, डबा वर.
नळीतल्या रबराला तेलाचा हात लावायचा नाही,
कोरडा बोळा फिरव, नाहीतर गोळी
बोलावलेलं घर सोडून शेजारी जाऊन बसते.
जूनमध्ये पत्र्याखाली ठेवू नकोस.
जानेवारीत धुकं उतरलं की गॅसही उठत नाही,
मॅगझीन काखेत धर, मग खेळायला जा.
आणि कपाटात टाकताना पुरतं रिकामं करू नकोस.
थोडा गॅस आत राहू दे,
दाबात असलं की रबर जागं राहतं.

हळूहळू पाच-सहा पोरं यायला लागली.
शेजारचे शर्माजी म्हणाले, भाभी, शस्त्रागार उघडलं की काय.
त्यांच्याच भाच्याच्या वरातीत
मंडपाला चार भोकं पडली होती, खरी,
त्यातून दुसऱ्या दिवशी ऊन भांड्यांवर पडत होतं.

एकदा शटर अर्धं ओढलेलं असताना
वाकून एक माणूस आत आला.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
"सुना है आप बनाती हैं. बस, स्प्रिंग अटकती है."
मी हातात घेतलं.
वजनानंच मनगट खाली गेलं.
टोपी नव्हती. वास होता,
दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी अंगणात असतो तो,
पण शिळा, तेलकट.

सगळीकडून फिरवून बघितल्यासारखं केलं.
म्हटलं, यात रबर नाही.
"तो?"
मला फक्त रबर कळतं.

तो थोडा वेळ झाकणांकडे बघत उभा राहिला.
पांढरा बल्ब त्याच्या कानांवर पडला होता,
मोठे कान, बाजूला आलेले.
कागद पुन्हा गुंडाळला, घडीवर घडी,
आणि "नमस्ते" म्हणून वाकून बाहेर गेला.
मी हात तीनदा धुतले. पोळ्या करताना
कणकेलाही तोच वास येत होता, किंवा मला वाटलं.

त्यानंतर नीरज आला नाही.
त्याचं नारिंगी टोपीवालं माझ्याचकडे आहे,
नवी रिंग घातलेलं, दोनशे ऐंशी रुपये बाकी.
बाकीची पोरं विचारलं की बुटांकडे बघतात.
बोर्डाचं वर्ष असेल. कोट्याला पाठवलं असेल.

दर दोन महिन्यांनी, गिऱ्हाईक नसताना,
कपड्यातून काढते. दोन थेंब.
उलटं धरते, डबा वर.
फुस्स, एवढंच, पुरतं भरत नाही.
बादलीत बुडवून बघते.
पाणी हलत नाही.
पुसून परत फळीवर, पाच लिटरच्या कुकरमागे,
जिथून मला दिसतं
आणि दारातून दिसत नाही.