घट

लाईटवाल्यांनी दुपारी फांदी तोडली,
तारेला लागत होती म्हणून.
आतून पोकळ निघाली.
फांदी ट्रॉलीत गेली. पोकळीतलं एक मात्र
आमच्या पत्र्यावरून घरंगळलं आणि फटीतून थेट
घुंगरांच्या परातीत.
छन्न झालं.
मी म्हटलं, उंदीर.

हुपरीत आमच्या घरी केर टाकत नाहीत.
झाडलेलं डब्यात साठवतात,
हात धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत निवळू देतात.
दिवाळीआधी झारेकरी येतो,
त्या मातीतून चांदी काढतो.
म्हणून हे अर्धवट पिसांचं, पोट लोंबणारं,
चोचीभोवती राठ मिशा असलेलं काहीतरी
बाहेर टाकावं, असं कुणाच्या मनातच आलं नाही.
भरतेशनं सवयीनं काट्यावर ठेवलं.
सव्वीस ग्रॅम, चारशे मिली.
वहीत आवकखाली लिहिलं,
नावाच्या जागी रेघ.

काय खातं ते कळेना.
भिजलेली मूगडाळ थुंकली. केळं थुंकलं.
शेजारचा तौफिक म्हणाला, अळ्या आणू काय वहिनी,
गटारीकडंला लई हाईत.
आत्तींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.
बरं, नको, म्हणाला.

दिवस बुडाला तशी त्यानं चोच मिटली, डोळे मिटले,
पाणीही घेईना.
मामंजी म्हणाले, "आपल्यातलंच दिसतंय."
हसलो खरे, पण रात्रभर
मी खोक्याला कान लावून होते.

सकाळी चेलना बुंध्याजवळ उकिडवी बसलेली.
"आई, हे उंबराचं झाड आहे.
ते उंबरच खात असणार."

उंबर.
जिवांनी भरलेलं फळ, आमच्यात वर्ज्य.
लग्न होऊन सतरा वर्षं झाली,
उंबऱ्याच्या आत उंबर आलेलं मी पाहिलं नव्हतं.
आत्तींचा तर नेम आठव्या वर्षापासूनचा.
कुणी बोलेना.
फुंकणीचा आवाज तेवढा.

मग त्याच उठल्या. अनवाणी मागं गेल्या,
पदरात पाच-सहा लाल उंबरं घेऊन आल्या,
पदर अंगापासून लांब धरलेला,
दुसऱ्याचा दागिना धरावा तसा.
"मी खाणार आहे व्हय? ज्याचं त्यानं खावं."
आणि पायरीशी थांबून,
"बाहेर फोड. आतली चिलटं उडून जाऊ देत.
मग दे."

आम्ही सगळे पायरीवर बसलो,
एका फोडलेल्या उंबराकडे बघत.
एकेक चिलट पंख वाळवायचं
आणि जायचं.
शेवटचं फार वेळ बसलं.
आत खोक्यात ओरडा चाललेला.
आत्ती म्हणाल्या, थांब जरा.
दोघांनाही म्हणाल्या असाव्यात.

ज्या चिमट्यानं मी कडीत घुंगरू अडकवते
त्याच चिमट्यानं गर भरवला.
सत्तावीस. अठ्ठावीस सातशे. बत्तीस.
पैंजणांची ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली,
व्यापाऱ्याला सांगितलं, लाईट नव्हती.

एका दुपारी मामंजी ऐरणीवर तार ठोकत होते,
टुक, टुक, टुक.
बाहेरून कुणीतरी ठोका धरला.
हात थांबला तरी बाहेर चालूच.
खोक्यातल्यानं मान वाकडी केली.
"तांबट," मामंजी म्हणाले.
"चांदीवाल्याच्या घरात तांबट. घ्या."

बाराव्या सकाळी
काट्यावर ठेवलं तेव्हा आकडे थरथरले,
छत्तीस, एकतीस, चाळीस,
मग शून्य.
भिंतीवर बसलं, तारेवर बसलं,
तोडलेल्या खुंटावर बसलं,
मग पानांत हिरव्यात हिरवं होऊन गेलं.
चेलना म्हणाली, दिसतंय अजून.
नव्हतं दिसत.

रात्री भरतेश वही घेऊन बसला.
जावकखाली किती लिहायचं, कळेना.
आटवताना घट, घासताना घट,
आमच्या धंद्यात हा रकाना कधी मोकळा नसतो.
त्यानं पेन ठेवलं, उचललं,
आणि तशीच वही मिटली.

आत्तींच्या पदरावर डाग राहिलाय,
रिठ्यानंही गेला नाही.
ते लुगडं त्या बस्तीत नेसून जात नाहीत.
घरात नेसतात.