इथं आला की नीट चालतो

बेलार्मिनो तिसऱ्यांदा आला, टोपी धुक्यानं ओली,
काउंटरवर कॅमेरा ठेवून म्हणाला, पुन्हा तेच.
मी बटण दाबलं. चालू झाला.
भिंग सरसर बाहेर आलं, चित्र स्वच्छ,
समोरच्या टेकडीवर वाळत घातलेली पिवळी चादरसुद्धा टिपली.
त्याचा चेहरा असा, जसं
रात्रभर तापलेलं पोर डॉक्टरकडे आणावं
आणि त्यानं खुर्चीवर उड्या माराव्यात.

वाल्पाराइसोच्या धक्क्यावर तो कंटेनरचे पोचे टिपतो.
कुठं दबलं, किती दबलं, कुणाच्या हातून.
विमा कंपनीला त्याचा फोटो म्हणजे साक्ष,
आणि महिनाभर साक्षीत आडवी जांभळी रेघ.
"त्यांना वाटतं मी फोटोत हात घातलाय.
एकवीस वर्षांत मी दुसऱ्याचा पोचा
बोटभर लांब केलेला नाही."

आधी सोपं सोपं.
बॅटरी माझी घातली, कार्ड माझं घातलं.
कडांवर मीठ होतं, पण बंदरावरच्या कुठल्या कॅमेऱ्यात नसतं?
मीठ सापडलं म्हणजे चोर सापडला असं नाही.
झाकण लावून अंधाराचा फोटो काढला.
अंधारात तीन पांढरे ठिपके. ते जन्मापासूनचे, त्यांचा यात हात नाही.
शटर कानाशी धरून ऐकलं,
चपटी केबल चिमट्यानं हलवली,
झूम मागे-पुढे चाळीस वेळा.
काही नाही. शहाण्यासारखा वागत होता.

खरं सांगते, मला मेलेला कॅमेरा आवडतो.
मीटरची टोकं टेकवली की कळतं
कुठवर जीव आहे, कुठून नाही.
हा मात्र फावल्या वेळात आजारी.
मी विचारलं, रेघ येते कधी?
"सकाळी."
आणि दुपारी?
तो थांबला.
"दुपारी मी इथं येतो."

मग मी कॅमेरा पिशवीत घातला, सोबत सिलिकाच्या दोन पुड्या,
आणि फ्रीजमध्ये ठेवला,
चीज आणि भोपळा घातलेल्या घेवड्याच्या वाडग्यामध्ये.
चाळीस मिनिटं आम्ही चहा पीत बसलो,
दुखणं यावं म्हणून वाट पाहणारी दोन माणसं.

पिशवी न उघडता, वरूनच बटण दाबलं,
आणि आली बाई ती!
आडवी, जांभळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
बेलार्मिनोनं टाळी वाजवली. मग ओशाळला.
लांबून हेअर ड्रायरचा वारा दिला: रेघ विरली.
पुन्हा गार, पुन्हा रेघ.
सेन्सरच्या पाटीवर, सहाव्या पायाशी, केसाहून बारीक भेग.
थंडीत धातू अंग चोरतो, भेग तोंड उघडते,
दुकानाच्या उबेत ओठ मिटून बसते.
भिंगाखाली त्याला दाखवली.
तो बराच वेळ वाकून पाहत राहिला,
धंद्यातल्या माणसासारखा.

कथिलाचा एक थेंब. तीन सेकंदं.
पैसे थेंबाचे नसतात, थेंबापर्यंतच्या वाटेचे असतात,
हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजवावं लागतं. त्याला लागलं नाही.

चाचणीसाठी त्यानं माझी किटली निवडली,
पोटाला पोचा आलेली, ॲल्युमिनियमची.
एक फोटो लांबून, एक जवळून,
मापासाठी शेजारी माझं पेन आडवं ठेवून.
"कधी झालं हे?"
भूकंपाच्या रात्री, मी म्हटलं. फळीवरून पडली.
त्यानं पोच्यावरून अंगठा फिरवला.
"पडल्यावर बूड चेपतं.
ही पडलेली नाही. ही कुणीतरी भिंतीवर मारलीय."

त्या रात्री मी तालकाला होते, बहिणीकडे.
फळीचं मला एलादिओनं सांगितलं होतं.

"किती झाले?" बेलार्मिनोनं विचारलं.
मी गल्ल्यात सुट्टे शोधत राहिले.
सुट्टे होते.