उतरत्या क्रमाने

सुहानी घाडी, नववी ब,
काउंटरवर नव्व्याण्णवची ट्यूब ठेवते
आणि कपाळावरचे केस आणखी पुढे ओढते.
"आक्का, हे चांगलं असतंय का गे?"

खानापूर. सकाळचे साडेनऊ. शटर अजून अर्धंच वर.
दुकानाच्या पाटीवर आधी कन्नड, खाली इंग्रजी,
मराठी आम्ही तोंडी चालवतो.
ट्यूबच्या पाठीवर मात्र इंग्रजीच,
तेही मुंगीच्या पावलांत.
मी ड्रॉवरमधून भिंग काढते.

हे बघ, ही लग्नपत्रिका समज.
ज्याचं वजन जास्त त्याचं नाव वर.
पहिलं नाव पाणी.
होय की, पाणीच,
मलप्रभेतनं वाहतंय तेच, जरा गाळलेलं.
दुसरं ग्लिसरीन. गरीब माणूस. असावा घरात.
तिसरा फेस काढणारा.
हा जाताना अंगचं तेलही खिशात घालून जातो.
धुतल्यावर गाल ताणतोय म्हणत होतीस ना,
ते ह्याचंच काम.

"आणि कडुनिंब?"

पुढच्या बाजूला अख्खी डहाळी छापलीय,
वर दवाचे थेंब.
मागं मी शोधत जाते, खाली,
अजून खाली,
माल नासू नये म्हणून घालतात त्याच्याही खाली.
हां, सापडला.
बारक्या पोरांच्या ओळीत उभा आहे,
आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.

सुहानी हसते. हसली की हनुवटीवरचा फोड दुखतो,
हात तिथं जातो, मी म्हणते, हात नको.

शेवटी एकच शब्द, सुगंध.
आत कोण कोण बसलंय ते सांगितलेलं नाही.
वऱ्हाडाचा टेम्पो आहे तो.
ताडपत्री टाकलेला.
तुझ्या वयाच्या कातडीनं त्यात चढू नये.

"आणि हे? अर्धा टक्का लिहिलंय ते?"
ते कामाचं. ॲसिड आहे, पण भिऊ नको,
बुजलेली छिद्रं मोकळी करतं.
दिवसाआड, रात्री, वाटाण्याएवढं.

"ॲसिड म्हणजे,
आईच्या हाताला लागतंय तसलं?"

भिंग हातातच राहतं.

तानुबाई घाडी, काजूच्या कारखान्यात, फोडणीला.
टरफल फुटलं की काळं तेल सुटतं,
बोटांची सालं निघतात, नवी येतात, तीही निघतात.
हातमोज्यानं गर तुटतो म्हणून मोजे नाहीत.
राख लावतात. कधी खोबरेल.
रेशनच्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नाही,
दर महिन्याला सुहानीनं जायचं, आपला द्यायचा.

पुस्तकात होतं हे. परीक्षेला आलं नव्हतं.
टरफलातलं आम्ल आणि ह्या ट्यूबमधलं,
एकाच घराण्यातली. तोंडवळा तोच,
त्याला फक्त एक लांब शेपूट.
इथं अर्धा टक्का आहे, कुणीतरी मोजून छापलाय.
तिथं किती?
टरफलाला मागची बाजू नसते गे,
उतरत्या क्रमाने काही लिहायला.

हे सगळं मी बोलत नाही.
एवढंच म्हणते, तसलंच. पण लांबचं.

मग खालच्या फळीवरची पांढरी ट्यूब काढते,
पासष्टची, चित्र नसलेली,
धूळ बसलेली, कारण कुणी मागत नाही.
वास नाही, डहाळी नाही, तेवढंच ॲसिड आहे.
सुहानीचं तोंड जरा पडतं.
वर्गात दाखवायजोगी नाही ही.

"आणि चौतीस रुपये उरतात त्यात
मोजे येतात का?
पातळ. गर न तुटणारे."

येतात. एक जोडी. टिकत नाहीत.
"असू दे की."

बिल करेपर्यंत ती भिंग उचलते,
ट्यूब नाही, मोजे नाही,
स्वतःचा अंगठा धरते त्याच्याखाली.
बराच वेळ.
मागं ठोंबरे मास्तर खोकूलेत,
चिठ्ठी पुढं करून.