चांदणं दिसेल इतकं

बाबा म्हणायचे, छप्पर दाट नको,
चांदणं दिसेल इतकंच घाल.
उद्यमनगरच्या फौंड्रीत साचे भरणारा माणूस,
फट राहिली तर अख्खा माल नापास,
तो वर्षातून एकदा
मुद्दाम फटी राखून बांधायचा.

गच्चीवर चार बांबू, सुंभाची दोरी,
वर उसाचं वाडं, शिंदीचे झाप.
प्रार्थनेला दहा पुरुष कोल्हापुरात कधी जमलेच नाहीत.
बाबा तरी मोजायचे:
ते, हनोखदादा,
आणि तुळशी धरून आठ कुंड्या.

वाळुंजाची डहाळी पंचगंगेच्या काठची,
महाळुंग महाद्वार रोडवरचं.
बाबा भिंगातून बोंड तपासायचे,
डाग नको, टोक मोडलेलं नको.
हौसाबाई वैतागायच्या,
"घ्या की ओ मिस्त्री,
अंबाबाईच्या हातात हाय तसलंच हाय!"
बाबा हसायचे. भाव करायचे नाहीत.

सण उशिरा आला की चंद्र कोजागरीचा.
पलीकडच्या गच्चीवरून दुधाचे पेले यायचे.
आई विचारायची, मटण खाल्लंत ना?
मग झाकून ठेवा, उद्या.

अशाच एका उशिराच्या वर्षी
वाडं आणायला शियेच्या पुढं गेलो.
फडाच्या कडेला बीडच्या टोळीनं
कोप्या टाकल्या होत्या, आमच्यासारख्याच,
बांबू, पाचट, सुंभ.
एक बाई छपराच्या फटी बुजवत होती.
मी शहाणपणानं सांगितलं,
आमच्यात फट ठेवतात, तारे दिसायला.
तिनं पाचटाची पेंढी खोचली.
"तारे बक्कळ हायेत, बाई.
कागद असला तर सांग."

बाबांनी स्कूटरच्या डिकीतून
पावसासाठी ठेवलेली ताडपत्री काढली.
घडी तिच्या हातात दिली
आणि वाडं न घेताच निघाले.
परत यावं लागलं. वाटेत आठवलं.

त्या रात्री परतीच्या सरी आल्या,
महाळुंग भिजलं, हलवा भिजला.
रानात चाळीस वर्षं आपले लोक
झोपड्यांत राहिले, हे बाबा दरवर्षी वाचायचे.
त्या वर्षी "झोपड्यांत"पाशी थांबले.
आम्हाला वाटलं, चष्म्यावर पाणी आलं.

आता हनोखदादा अश्दोदहून फोन करतो,
इकडं घडीचा मांडव मिळतो, रिबके,
वीस मिनिटांत उभा, पाठवू का?
मी नको म्हणते. मला गाठी येतात.

ती ताडपत्री परत आली नाही.
आणायला आम्ही कुणी गेलोही नाही.