पातळ काप

रविवारी सकाळी मिरजेच्या मार्केटात
मकबूल बेपारीनं विचारलं, "रश्शाचं का खिम्याचं?"
दोन्ही नाही. पातळ पाहिजे, कागदासारखं.
"ताई, इथं सुरा आहे. मशीन नाही."
म्हशीचं अर्धा किलो, मांडीचं, थोडी चरबी ठेवून,
वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत.
पिशवी काळीच का, असं तिकडे कोणी विचारलं असतं
तर मला जपानीत शब्द नव्हते.

तिकडे म्हणजे हामामात्सु.
तीन वर्षं म्हाताऱ्यांची अंगं पुसली,
नखं कापली, कवळ्या घासल्या,
आणि रात्रपाळी सुटली की स्टेशनासमोर
एका अरुंद बाकावर हा वाडगा:
खाली भात, वर कांदा, वर गोडसर मऊ मांस.
दारात मशीन. पैसे टाका, बटण दाबा.
माणसाला काही सांगावं लागत नाही,
आडनावसुद्धा.

मांस फ्रीजरमध्ये ठेवायचं तासभर,
दगड व्हायच्या थोडं अलीकडे काढायचं,
मग सुरी सरळ जाते.
चाळीस मिनिटांनी लाईट गेली.
तासाभराने मांस पुन्हा मांस झालं,
सुरीखालून सटकणारं,
माझे काप बटाट्याच्या भाजीसारखे.

झेलूआत्या दारात बसून बघत होती.
कवठे महांकाळहून गुडघा दाखवायला आलेली,
डॉक्टर सोमवारी भेटणार.
"आण हिकडं."
विळी पायाखाली घेतली,
तुकडा फिरवत राहिली, फिरवत राहिली,
आणि तो उलगडत गेला
ताग्यासारखा, न तुटता,
पलीकडची तिची बोटं दिसतील इतका पातळ.
"चान्या अशाच करायचो. दोरीवर टाकायला."
मग बराच वेळ नुसता विळीचा आवाज.
"सोळा वर्सं झाली हातात धरून.
सुनंच्या भांड्यात चालत न्हाय."

कांदा उभा चिरला.
सोया सॉस कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाड्यावरून, वाटीभर, उधार.
तिकडची गोड दारू इथे कुठली, म्हणून गूळ.
सुकट फडक्यात बांधून उकळलेलं पाणी.
आत्याचा हात आपोआप डब्याकडे गेला.
हळद नको, आत्या.
"सांगलीच्या जिल्ह्यात ऱ्हाऊन हळद न्हाय?"
नाही.
तिनं चमचा परत डब्यात ठेवला,
आजाऱ्याकडे बघावं तसं पातेल्याकडे बघितलं.

इंद्रायणीचा भात, गिच्च, मला हवा तसा.
वर कच्च्या अंड्याचा बलक फोडला
तर म्हणाली, "मी काय पैलवान हाय का?"
तिचं अंडं तव्यावर टाकलं.

जेवायच्या आधी तिकडे एक शब्द म्हणतात,
हात जोडून. अर्थ एवढाच: घेते.
"कुणाकडनं?" आत्यानं विचारलं.
तीन वर्षं रोज म्हणत होते.
कोणाकडून ते मला कधी सुचलंच नाही.

वाडगा तोंडाशी उचलायचा असतो, मी दाखवलं.
तिनं ताट मांडीवर घेतलं, बोटांनी कालवलं,
चार घास गप्प खाल्ले.
"ग्वाड हाय," म्हणाली. तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं.
मग कांदा-लसूण चटणी मागून घेतली
आणि पातेलं पुसून खाल्लं.

सोमवारी सकाळी गॅलरीत कपडे काढायला गेले
तर माझ्या निळ्या युनिफॉर्मच्या शेजारी, दोरीवर,
हळद-मीठ लावलेल्या अकरा पट्ट्या.
मला न विचारता बाजूला काढलेल्या.
खालून कोणी वर बघतंय का,
ते मी आधी बघितलं.
मग माझीच मला लाज वाटली.
मग एक पट्टी उलटी केली,
दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून.