नट बघून पाना

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवली,
म्हणून ट्रस्टींनी मला ‘तांत्रिक माणूस’ ठरवलं.
लेथचं आणि कॉम्प्युटरचं नातं काय,
कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शुक्रवार पेठेत आमची एक खोली.
बोर्डावर लांबलचक नाव, लोक म्हणतात कुबडी बँक.
वॉकर, व्हीलचेअर, पाण्याच्या गाद्या,
कमोडच्या खुर्च्या, दोन ऑक्सिजन मशिनं.
पाचशे अनामत, बरं झालं की परत.
बरं नाही झालं तरी परत;
तेव्हा अनामत मोजून देताना
आम्ही वर बघत नाही.

सगळं जुबेदाभाभींच्या रजिस्टरात.
एकशे बारा वस्तू. त्यातल्या नऊ कुठं आहेत
ते वरच्यालाच ठाऊक,
आणि एक, म्हणतात, कागलच्या कुण्या जावयाला.

पुण्याहून एक पोरगा आला.
बूट दाराबाहेर काढले त्यानं, चांगला वाटला.
पडद्यावर भाकरीसारखे कापलेले रंगीत आकडे,
आणि एक चौकोन : वस्तू आत, वस्तू बाहेर.
दोनच पर्याय.
‘संस्थांसाठी पहिलं वर्ष फुकट, काका.’
नेमगोंडा चौगुले खुर्चीत पुढं सरकले.
मी म्हटलं, ‘आणि दुसरं?’
त्यानं आकडा सांगितला.
त्यात सात वॉकर बसत होते, रबरी बुटांसकट.

भाभी चहाचे कप गोळा करत होत्या.
‘पैसं भरायचं थांबलो, तर आमची नावं
आमास्नी परत देणार का?’
पोरगा म्हणाला, विचारून सांगतो.
फोन जिन्यात जाऊन केला. बराच वेळ केला.

चौगुले म्हणाले, मग रजिस्टरच बरं की!
पण एकोणीसच्या पुरात तेच रजिस्टर
भाभींनी डोक्यावर धरून नावेतून काढलं होतं,
आणि तरी मंगळवार पेठेतल्या सगळ्या पाटलांचा
मिळून एक निळा डाग झाला होता.
त्या डागाला फोन कुठून करणार?

उस्ताद शिकवायचे, आधी नट बघ, मग पाना उचल.
मोठा पाना हातात लई शोभतो
आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो.
आमचा नट केवढा?
कुणाकडं काय. कधीपासून. फोन कुणाला करायचा.
बास.

शाहूपुरीतल्या पतसंस्थेनं काढून टाकलेला कॉम्प्युटर
चार हजारांत मिळाला. आवाज करतो,
जुन्या बेअरिंगसारखा, पण फिरतो.
आयटीआयच्या हर्षद भोपळेनं
फुकटातली कोरी तक्त्यांची शीट घालून दिली,
मराठीत. भाभी एका बोटानं टाईप करतात.
दर शनिवारी पेन ड्राइव्ह भरतो,
चौगुल्यांकडं, टेंबलाईच्या चढावर,
तांदळाच्या डब्यात जातो.
तिथवर पंचगंगा अजून आलेली नाही.

(बारकोडचं यंत्र मी हौसेनं आणलं होतं,
स्वतःच्या खिशातून. ड्रॉवरमध्ये आहे.
त्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही,
ही माणसं मोठ्या मनाची.)

परवा हर्षदनं तारखेनुसार क्रम लावला.
सगळ्यात वर आली व्हीलचेअर नंबर सतरा,
कागल, साडेसात वर्षं.
भाभींनी फोन लावला.
पलीकडचा जावई आधी गप्प, मग म्हणाला,
सासूबाई गेल्या त्याच वर्षी.
खुर्ची अंगणात आहे, रोज पुसतो आम्ही.
द्यायला म्हणून दोनदा टेम्पो बोलावला,
दोन्ही वेळा रिकामा पाठवला.

भाभींनी फोन ठेवला.
‘सध्या कुठं’च्या रकान्यात
एकेक अक्षर शोधत टाईप केलं :
राहू दे.

शीटनं काही हरकत घेतली नाही.