धरसोड

माझगावला, गोदीच्या भिंतीला टेकून
हमदुले चाचांचं गॅरेज.
डिस्क उतरवली की ते ती तारेला टांगायचे
आणि पान्यानं एक हलका टोला.
परातीसारखी वाजायची, लांबवर.
"हा सूर हिच्या पोटात आधीपासूनच असतो.
पॅड फक्त छेडतं."

छेडतं कसं, मी विचारलं.
चहाच्या बशीत बोट बुडवायला लावलं त्यांनी,
आणि स्टीलच्या ताटावरून ओढायला.
बोट अडलं, सुटलं, अडलं,
ताट किंचाळलं.
"धड धरत नाही, धड सोडत नाही.
धरसोड. माणूस वर्षातून दोनदा करतो,
पॅड सेकंदाला दोन हजारदा."

खाऱ्या हवेनं रात्रीत डिस्कवर गंज धरतो,
पहिल्या चार ब्रेकला गाडी कण्हते, मग गप्प होते.
त्याचे पैसे घ्यायचे नाहीत,
हा त्यांचा नियम.

सूर्यबलीची टॅक्सी मात्र वाळकेश्वरच्या उतारावर
रोज ओरडायची.
दोन गॅरेजांनी नवे पॅड घालून पाहिले होते.
चाचा पुढे बसले, मी मागे.
उतार लागला, ब्रेक दाबला,
आणि असा आवाज, की फुटपाथवरचं कुत्रं उठून पळालं,
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिडकी आपटली.

चाचांनी मागे वळून विचारलं,
"वाजलं?"

सूर्यबली हसला. त्याला वाटलं, गंमत.

पुढच्या फेरीला चाचांनी चप्पल काढली,
अनवाणी तळवा गाडीच्या पत्र्यावर ठेवला, डोळे मिटले.
"डावं चाक. आतलं पॅड."
उघडलं तर खरंच, काचेसारखं गुळगुळीत,
एका बाजूनंच झिजलेलं.
पिन अडकली होती, ती मोकळी केली,
पॅडच्या कडा कानसीनं तिरक्या केल्या,
पाठीला बोटभर ग्रीस.

चाळीस वर्षं ज्या सुराच्या मागे लागले
तोच नेमका त्यांचा कान घेऊन गेला होता.
खालचे सूर अजून येतात :
ट्रकची घरघर, गोदीचा भोंगा, माझा आवाज.

तेव्हापासून टोला ते देतात
आणि बघतात माझ्या तोंडाकडे.

एकदाच, पहाटे चारला, पाचव्यांदा चाक उघडून झाल्यावर,
बारीकसं वाजत असूनही
मी म्हणाले, नाही वाजत.
त्यांनी हात पुसले. गाडी गेली.

कुठल्या रस्त्यावर असेल आता.
उतार आला की
माझाच पाय दाबला जातो, जमिनीवर.